चौदाव्या मजल्यावरचा पाला

साखरेचा एवढा ध्यास घेतलेला, आणि तरीही निम्मं आयुष्य जिभेला गोड लागू न दिलेला दुसरा माणूस अख्ख्या ठाणे जिल्ह्यात झाला नसेल. चहा पुढे आला की बाकीचे लोक साखर किती ते विचारतात. हा आधी घड्याळ बघायचा. शेवटचं पान चावून तास उलटला असेल तर कप उचलायचा, नाहीतर "आत्ता नको, आत्ता तो मला नुसता काढा लागेल," असं म्हणून माझ्याकडे सरकवायचा. ठाण्यातल्या एका महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागात आम्ही तीस वर्षं एकत्र काढली. मी शिकवायचो, तो प्रयोगशाळा सांभाळायचा. माझ्या नावाआधी डॉक्टर लागत होतं, त्याच्या नावाआधी काहीच लागत नव्हतं, आणि दोघांपैकी रसायनशास्त्र कोणाला जास्त येतं हे मुलांना पहिल्या आठवड्यातच कळायचं. आम्ही त्याला बाळकुमकर म्हणायचो. ते आडनाव नव्हे. पण बाळकुम या त्याच्या गावाबाहेर त्याला आठ तास ठेवला की तो कोमेजायचा, म्हणून ते चिकटलं. तो जाऊन आता काही महिने झाले. त्याच्या संशोधनाबद्दल छापून आलेली शेवटची ओळ खोटी आहे आणि तिच्याखाली माझी सही आहे. ते सांगायलाच मी लिहायला बसलोय. पण आधी तो कसा होता ते सांगू द्या, नाहीतर काय बिघडलं ते कळणार नाही.

ज्या पाल्यासाठी त्याने जन्म घालवला त्याला गुडमार म्हणतात. आपल्या कोकणपट्टीत बेडकीचा पाला. कुंपणावर चढणारा साधा वेल. त्याचं एक पान चावून वर साखर खाल्ली तर साखर वाळूसारखी लागते, पेढा शाडूसारखा लागतो, आणि तासाभराने सगळं आपोआप पूर्ववत होतं. वैद्य लोक मधुमेहावर हा पाला पूर्वीपासून देत आले आहेत. बाळकुमकर शर्टाच्या वरच्या खिशात पानं आणि तपकिरीच्या जुन्या डबीत साखर घेऊन फिरायचा. नवीन माणूस भेटला की नमस्काराच्या आधी पान. प्राचार्यांनी चावलं, विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांनी चावलं, एकदा मतदारयादी तपासायला आलेल्या बाईंनीही चावलं. माणसाचा चेहरा वाळू चघळल्यासारखा झाला की याला इतका आनंद व्हायचा की बघणाऱ्याला राग धरताच येत नसे.

त्याच्या लग्नाचं राहून गेलं त्यालाही हा पालाच कारण. थोरल्या भावाने खटपट करून कोपरीचं एक स्थळ आणलेलं. मुलीचे वडील, मामा, सगळे घरी बसले. वहिनीने पहाटे उठून बेसनाचे लाडू वळलेले. ताट बाहेर येईपर्यंत वेळ जात नाही म्हणून याने पाहुण्यांना एकेक पान दिलं, का दिलं ते समजावणार तेवढ्यात लाडू आले. मुलीच्या वडिलांनी एक घास खाल्ला आणि मामांकडे पाहिलं. मामांनी वडिलांकडे पाहिलं. दोघांनी उरलेला लाडू अब्रूदारपणे बशीत ठेवला, पाणी प्यायले, आणि आठ दिवसांनी निरोप आला की मुलीला पुढे शिकायचंय. वहिनी पुढे कितीतरी वर्षं मला ऐकवायची, "भावजी, तुमच्या मैतराने माज्या लाडवाची माती केली. सासरच्या मान्सांनी सुद्धा कदी नाव ठेवला नाय, नि या रसायनवाल्याने गावभर केला!" तो शांतपणे म्हणायचा, "वहिनी, प्रयोग यशस्वी झालेला. दोघांच्याही जिभेवर." लग्न मोडल्याचं दुःख त्याला झालं की नाही, ते मी कधी विचारलं नाही. आमच्या पिढीतले मित्र असली चौकशी करत नसत. करायला हवी होती, असं आता वाटतं.

त्याच्या भावाने वडिलोपार्जित जमिनीवर टॉवर उभा राहू दिला आणि याच्या वाट्याला चौदाव्या मजल्यावरचे समोरासमोरचे दोन फ्लॅट आले. एकात तो राहायचा, म्हणजे झोपायचा. दुसऱ्यात निवृत्तीनंतर त्याने प्रयोगशाळा थाटली. हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं आणि त्यांवर पाला. उन्हात वाळवला तर त्यातलं काहीबाही बिघडतं, म्हणून सावलीत, उघड्या खिडक्यांच्या वाऱ्यावर, आठ दिवस; सकाळ-संध्याकाळ प्रत्येक पान उलटायचं. खाली रद्दीवाल्याकडून आणलेले जुने पेपर असत आणि पानं उलटताना हा ते वाचत असे. आताचे पेपर वाचायला त्याला वेळ नसे. त्यामुळे जगाच्या तो साधारण वर्षभर मागे चालायचा. केव्हाच पडलेल्या मंत्रिमंडळावर तो चिडायचा, हरून गेलेल्या सामन्याबद्दल आशा बाळगायचा. एकदा सोसायटीच्या सभेत उठून त्याने पाणीकपातीबद्दल कळकळीने भाषण केलं. शेवटी सेक्रेटरी म्हणाले, "काका, ती मागच्या वर्षीची. त्यानंतर धरण भरून वाहिलं पण."

स्वयंपाकघरात काचसामान. पाला दळायचा, अल्कोहोलमध्ये भिजवायचा, अर्क आटवायचा, मग एकात एक न मिसळणाऱ्या द्रावकांत घुसळून त्याचे भाग वेगळे करायचे. या पाल्याची खोड अशी की रिठ्यासारखा फेस होतो. नरसाळ्याच्या आकाराचं ते बंद भांडं जरा जोरात हलवलं तर आत नुसता फेसच फेस, आणि थर वेगळे व्हायला दोन दिवस, कधी तीन. मी असतो तर मीठ टाकून, गरम करून, काहीतरी करून तो मोडला असता. हा समोर स्टूल घेऊन बसायचा. "मास्तर, घाई केली की तो रुसतो," म्हणायचा. आम्ही अक्षरशः दुपारच्या दुपारी फेस बसताना बघत बसलोय. मी डोंबिवलीहून यायचो, डबा आणायचो. तो डबा खायचा, पण शिरा असला तर माझ्याकडे सरकवायचा, अर्थातच. आयुष्यात इतकं निरर्थक आणि इतकं सुखाचं मी दुसरं काही केलेलं नाही.

आता त्याच्या शोधाबद्दल. अर्काचा प्रत्येक भाग पांढरा थर दिलेल्या काचेच्या पट्टीवर थेंबाथेंबाने लावायचा आणि पट्टी द्रावकात उभी करायची. द्रावक वर चढतं, त्याच्याबरोबर प्रत्येक पदार्थ आपापल्या वेगाने चढतो आणि थांबतो. वर फवारा मारून तापवलं की जिथे जो थांबला तिथे त्याचा ठिपका उमटतो. गुडमारमधले गोडी मारणारे पदार्थ शास्त्राला ठाऊक आहेत; त्यांचे ठिपके खालच्या अंगाला, जांभळे. पण याच्या पट्टीवर त्यांच्या वर एक फिकट विटकरी ठिपका यायचा. त्याला तो "पाहुणा" म्हणायचा. हा पाहुणा जीभ मारत नव्हता. हे कळलं कसं? तर प्रत्येक भागातला कणभर जिभेवर ठेवायचा, तपकिरीच्या डबीतली साखर वर टाकायची, गोड लागतं की नाही ते बघायचं, आणि मग तासभर थांबून पुढचा कण. असं रोज. मी ओरडायचो, "अरे, हे काय उपकरण झालं?" तो म्हणायचा, "तुझ्या त्या यंत्राला दर वर्षी दुरुस्ती लागते. ही माझी जन्मल्यापासून चालू आहे." आणि परीक्षानळीत बघितलं, तर पिष्टाची साखर करणाऱ्या एन्झाइमला हा पाहुणाच सगळ्यात जास्त रोखून धरायचा. म्हणजे जिभेला फसवणारा वेगळा, आणि साखर अडवणारा वेगळा. बाळकुमकरचं सगळं म्हणणं एवढंच होतं.

लोक विचारायचे, घरात कोणाला शुगर आहे का, म्हणून एवढं करताय? तो म्हणायचा, "नाय. हा कोण आहे ते मला कळायला पाहिजे, एवढंच." सोसायटीतल्या अर्ध्या ज्येष्ठांना शुगर. सकाळी फिरताना ते त्याला गाठायचे, "द्या की थोडा अर्क, आम्ही काय तुमच्यावर केस करणार आहोत?" तो हात जोडायचा. "ओळख पटल्याशिवाय मी कोणाच्या पोटात कोणाला पाठवत नाय. डॉक्टरची गोळी घ्या, गुमान चाला." यावरून माणसं दुखावली. मग कोणीतरी पिल्लू सोडलं की चौदाव्यावरचा म्हातारा लिफ्टमधून पोत्यांनी सुका पाला नेतो आणि वास येतो, तर हा गांजा असणार. एक हवालदार खरंच वर आला. मी तिथेच होतो. हॉलभर पसरलेला हिरवा पाला बघून त्याची टोपीच सरळ झाली. बाळकुमकरने त्याला बसवला, पान दिलं, साखर दिली. हवालदार दोन मिनिटं जीभ फिरवत राहिला आणि म्हणाला, "साहेब, गोडच लागत नाय हो! आमच्या आईला शुगर आहे, तिला देऊ?" त्यालाही नकारच मिळाला. पण जाताना तो बूट घालून परत फिरला आणि हळूच म्हणाला, "बायकोला दाखवायला एक पान मिळेल का?" ते मात्र मिळालं.

एक मोठी अडचण होती. पाहुणा प्रत्येक वेलात येत नव्हता. बाळकुमकरने बदलापूरपासून वसईपर्यंतचे सात वेल तपासले. सगळ्यांत जांभळे ठिपके, वरचा कुणातच नाही. तो फक्त एका वेलात होता, त्याच्या वडिलांच्या मिठागराच्या बांधावरच्या, कोलशेतच्या अंगाला, खाडीच्या खाऱ्या वाऱ्यात वाढलेल्या. का, ते त्याला सांगता येत नव्हतं. "खारं खाऊन शहाणा झालाय," एवढंच म्हणायचा. मिठागराची ती जमीनही आता विकली गेली होती. त्याने त्या वेलाच्या फांद्या कुंड्यांत लावून बघितल्या, खाडीचा चिखल चौदा मजले चढवला, पाण्यात मीठ घातलं. फांद्या मेल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या बाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर चिखल गळला तो वेगळाच. आमचा एक छोटा लेख तोवर एका शास्त्रीय नियतकालिकात आला होता, दोघांच्या नावाने. तो वाचून एका संशोधन संस्थेतल्या बाईंनी पत्र लिहिलं. त्या स्वतः येणार होत्या. त्यांच्या डोळ्यांसमोर ताज्या पाल्यापासून सगळं करून पाहुणा दाखवला, तर पुढचं काम, त्याची रचना शोधणं, त्यांच्या संस्थेत होणार होतं. जुना अर्क संपला होता. बांध सपाट करायला मशीन यायला महिना उरला होता. आम्ही दोघांनी जाऊन त्या वेलाचा शेवटचा पाला तोडला. तो इतका हळू तोडत होता की मीच म्हणालो, "आटप, भरती येईल."

पाला हॉलमध्ये पसरला आणि चौथ्या दिवशी त्याला पुतण्याच्या लग्नाला अलिबागकडे जावं लागलं. घरचं कार्य, हळदीपासून मांडव परतेपर्यंत पाच दिवस. किल्ली त्याने माझ्या हातात दिली. "दोन वेळा उलट, वाळला की पिशव्यांत भर. बाकी काही करू नको. तुला सांगायला नको म्हणा."

मला सांगायला हवं होतं. पहिल्या दिवशी मी गेलो, तर वाऱ्याने पानं जिन्यापर्यंत उडालेली. मी खिडक्या लावल्या. गुडघे दुखत होते, म्हणून पसरलेला पाला झाडूने लोटून एका कोपऱ्यात ढीग केला. म्हटलं उद्या पसरू. दुसऱ्या दिवशी डोंबिवलीत माझा सत्कार होता. एका वाचनालयाने ठेवलेला. शाल, नारळ, माझ्यावर दोघांची भाषणं. तिसऱ्या दिवशी त्याच मंडळींनी जेवायला बोलावलं. मी गेलो. तिथे कोणीतरी माझ्या संशोधनाबद्दल विचारलं आणि मी त्या पाहुण्यावर अर्धा तास बोललो, जणू जीभ माझीच होती. चौथ्या दिवशी दार उघडलं तर उबट वास. ढिगात हात घातला तर आत गरम. वरची चार बोटं पानं हिरवी, खाली सगळं काळं, चिकट, बुरशीने माखलेलं.

मी खाली बसलो. त्याला फोन करायचा, एवढंच करायचं होतं. तो तिकडे मांडवात असणार, भाऊ, वहिनी, पाहुणे; त्याला काय सांगू, असं स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला त्याच्यासमोर लहान व्हायचं नव्हतं. तीस वर्षं त्याच्यापेक्षा कमी येत असूनही मी डॉक्टर होतो. मी तो पाला पोत्यांत भरून कचऱ्यात टाकला, गाडी धरून कल्याणला गेलो आणि काष्ठौषधींच्या एका जुन्या दुकानात गुडमार मागितला. किती ते सांगितल्यावर दुकानदार हसला. "काय काका, शुगरवाल्यांची खानावळ काढताय का?" मीही हसलो. हसू आलं त्या वेळी, ते आठवतं. चौदाव्या मजल्यावर परत येऊन तो पाला बाळकुमकरच्याच कापडी पिशव्यांत भरला आणि चिठ्ठ्या लावल्या: बांधावरचा वेल, तारीख, माझं अक्षर.

तो परत आला, पिशवी उघडली, नाक आत घातलं. "वास जरा वेगळा येतोय का रे?" त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी खिडकीबिडकीचं बोललो. तो लगेच म्हणाला, "नाय नाय. लग्नात उदबत्त्या फार. माझंच नाक बसलंय." माझ्यावर संशय घेण्याआधी त्याने स्वतःच्या नाकावर घेतला. त्यानंतर जे झालं ते त्याच एका वाक्यातून होत गेलं.

बाई आल्या. शांत, नेमक्या, चांगल्या बाई. पट्टी तापवली. जांभळे ठिपके उमटले. वर पांढरं. त्याने दुसरी पट्टी केली, तिसरी केली. प्रत्येक भाग जिभेवर ठेवून बघितला. बाईंसमोर, तास तास थांबून. त्या दोन दिवस थांबल्या. परीक्षानळीतही काही निघालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याने फडक्याने हात पुसले आणि म्हणाला, "मॅडम, माफ करा. आधी आमच्याच भांड्यात काहीतरी राहिलं असणार. भांडी मीच धुतो. चूक माझी." बाई म्हणाल्या, "असं होतं. सगळ्यांचं होतं." मी तिथे उभा होतो. बोलायला जागा होती. मी बाईंना स्टेशनपर्यंत सोडायला गेलो.

पुढच्या आठवड्यात त्याने नियतकालिकाला पत्र लिहिलं: आमचा आधीचा निष्कर्ष चुकीचा होता, तो आम्ही मागे घेत आहोत, दोष नमुना हाताळणाऱ्याचा म्हणजे माझा आहे, सहलेखकांचा नाही. ते त्याने माझ्यापुढे सहीसाठी ठेवलं. "तुझं नाव त्यात अडकायला नको," म्हणाला. मी सही केली. ते छापून आलं. महिन्याभरात बांधावर मशीन आलं. त्याने काचसामान कॉलेजला देऊन टाकलं आणि दुसरा फ्लॅट भाड्याने दिला.

मी बाळकुमला जायचं टाळायला लागलो. गुडघे होतेच. सुरुवातीला तो फोन करायचा: "काय मास्तर, आहात का?" मी म्हणायचो, "जरा गडबडीत आहे रे, पुढच्या आठवड्यात येतो." दिवाळीला करायचा, मग एका दिवाळीला नाही केला. बारा वर्षं. डोंबिवली ते बाळकुम म्हणजे काही परदेश नव्हे. माझी बायको होती तोवर ती विचारायची, "तुमचं भांडण झालंय का?" मी नाही म्हणायचो, भांडण झालेलं नव्हतंच. ती गेल्यावर विचारणारंही कोणी राहिलं नाही. रविवारी दुपारी घरात पंख्याशिवाय आवाज नसायचा, आणि मला माहीत होतं की तिकडे चौदाव्या मजल्यावरही तेवढाच आवाज असणार.

मागच्या वर्षी ठाण्याला बँकेत त्याचा पुतण्या भेटला, ज्याच्या लग्नाला तो गेलेला तोच. म्हणाला, "काका, या कधी. तो आता खाली पण उतरत नाही. कोणाशी बोलत नाही. हृदयाचं आहे जरा." मी तिथूनच रिक्षा केली.

दार त्यानेच उघडलं. अंगाने निम्मा झाला होता. "गुडघे कसे आहेत?" त्याचा पहिला प्रश्न. मी आत गेलो, बसलो, आणि पाणीही न पिता सांगून टाकलं. ढीग, सत्कार, कल्याण, चिठ्ठ्या, सगळं. तो खिडकीशी बसून ऐकत होता. संपल्यावर त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. मग म्हणाला, "ढीग केवढा केलेलास?"

"गुडघ्याएवढा."

"खिडक्या?"

"बंद."

"मग उबणारच. आणि कल्याणचा माल कुठला होता? विचारलंस का?"

"नाही."

"विचारायला पाहिजे होतं रे. आठवा वेल झाला असता तपासलेला." तो हसला असं मला वाटलं, पण हसला नव्हता. हात चेहऱ्यावरून दोनदा फिरवला. "म्हणजे भांडी मी नीट धुतलेली."

"हो."

"बारा वर्षं मी ती भांडी मनात धुतोय, मास्तर."

मला वाटलं, आता तो मला जा म्हणेल. तो म्हणाला, "मला वाटलेलं, माझ्यामुळे तुझं नाव खराब झालं. एवढा डॉक्टर माणूस, माझ्या नादी लागला आणि तोंडघशी पडला. म्हणून तू यायचा बंद झालास. तुझी माफी कशी मागायची ते मला सुचत नव्हतं. डोंबिवलीला यायला निघालेलो एकदा. बसस्टॉपवरून परत आलो."

"अरे, शिव्या तरी घाल."

"तेव्हा सांगितलं असतंस तर घातल्या असत्या. चांगल्या बाळकुमच्या घातल्या असत्या. आणि दुसऱ्या दिवशी बोलावला असता." तो उठला. "आता शिव्या घालून घालवू, तर परत कोण येणार? बस. चहा टाकतो."

त्यानंतर मी दर मंगळवारी आणि शुक्रवारी जायचो. सात महिने मिळाले. पाल्याबद्दल आम्ही फारसं बोललो नाही. मी ताजा पेपर वाचून दाखवायचो, तो डोळे मिटून ऐकायचा आणि मध्येच म्हणायचा, "आजचाच आहे ना नक्की?" एका शुक्रवारी मी दुरुस्तीचं पत्र लिहून नेलं. त्यात लिहिलं होतं की बाळकुमकरचा मूळ निष्कर्ष बरोबर होता. त्याने चष्मा लावून ते वाचलं, पेन घेतलं आणि ती ओळ खोडली. "बरोबर होता हे तुला काय ठाऊक? वेल गेला. पुन्हा करून बघता येत नाही. लिही, की परीक्षा झालीच नाही. चूक की बरोबर, आम्हाला माहीत नाही." पुढे मी लिहिलं होतं की पाला मी खराब केला, मी बदलला आणि मी लपवला. तेही त्याने खोडलं. वर लिहिलं: नमुना बदलला गेला होता. "तुझं नाव कशाला? नातवंडं आहेत तुला." मी वाद घातला. तो म्हणाला, "पहिलं पत्र मी लिहिलं, तू सही केलीस. हेही तसंच." आणि सही करून कागद माझ्याकडे सरकवला.

पत्र पाठवलं. परत आलं, ते नियतकालिक केव्हाच बंद पडलं होतं. त्या बाईंच्या संस्थेत विचारलं तर त्या निवृत्त झालेल्या, पत्ता कोणालाच माहीत नाही. हे त्याला सांगायला मंगळवारी निघणार होतो, त्याच्या आदल्या दिवशी पुतण्याचा फोन आला.

तेव्हा आता ते पत्र छापायला हीच जागा उरली आहे. खाडीकाठच्या त्या वेलात साखर अडवणारा वेगळा पदार्थ होता की नव्हता, हे माहीत नाही. तो नव्हता असं जे छापून आलं आहे, ते धरू नये. त्या पट्टीवर तो पालाच नव्हता. भांडी स्वच्छ होती. इथवर त्याच्या सहीचं. यापुढचं त्याने खोडलेलं, ते मी माझ्या जबाबदारीवर पुन्हा लिहितो: पाला माझ्या आळसाने कुजला, मी तो बदलला, आणि बारा वर्षं गप्प राहिलो.

हे वाचून तो भडकला असता. फोन करून म्हणाला असता, मास्तर, नको सांगितलं होतं ना, आत्ताच्या आत्ता इकडे या. गुडघे कितीही दुखत असते तरी मी निघालो असतो.